एक पौंड धान्य आणि दहा हजार पावलं

मनगटावरचा फिटनेस बँड आणि फोनमधलं कॅलरी मोजणारं अ‍ॅप एकमेकांना जोडलं की दोन वह्यांची एक वही होते. बँड पावलं आणि नाडी मोजतो आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा खर्चली याचा अंदाज बांधतो. सकाळचे पोहे, दुपारची भाकरी, रात्रीचा वरणभात हे अ‍ॅपमध्ये आपण स्वतः भरायचं. जोडणी झाली की अ‍ॅप खर्चाचा आकडा आणि खाण्याचा आकडा शेजारी मांडतं आणि आज आणखी किती खायला हरकत नाही ते सांगतं. जास्त चाललात तर मुभा वाढते. मायफिटनेसपालमध्ये याच्या उलट सोयही आहे: अपेक्षेपेक्षा कमी हालचाल झाली तर तेवढ्या कॅलरी दिवसाच्या वाट्यातून कापायच्या का, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशा बाजारपेठांच्या गावांत सकाळी फिरायला निघणाऱ्यांना हे बँड आता नवलाईचे वाटत नाहीत. जाहिरातीत मात्र सगळी नवलाई यंत्राची असते, आणि त्या झगमगाटात एक जुनी गोष्ट झाकली जाते. माणसाच्या अंगमेहनतीचं मोजमाप आणि त्याच्या अन्नाचं मोजमाप एकाच वजाबाकीत बसवण्याची कल्पना दख्खनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी आली. ती आली सरकारी दुष्काळी कामांवर, आणि तिथे तिने जी चूक केली तीच आज अ‍ॅपच्या पडद्यावर पुन्हा दिसते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासातून ती चूक नेमकी दाखवता येते, असं माझं म्हणणं आहे.

मोजण्याचं या भागाला कधीच वावडं नव्हतं. कल्याण बंदरातून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटातलं सातवाहनकालीन लेणं तर आकड्यांसाठीच जगाला माहीत आहे. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले ते आकड्यांत कोरलेलं आहे. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. ते लेणं अभ्यासकांच्या नजरेत आणून दिलं विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने, १८२८ मध्ये. हा योग मोठा मासलेवाईक आहे, कारण साइक्सची नेमणूकच मुळी मुंबई सरकारने दख्खनची माणसं, जनावरं, पिकं, वजनं-मापं यांची आकडेवारी गोळा करायला केली होती. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे; म्हणजे धान्य मोजून घेणं-देणं हा इथे दोन हजार वर्षांपूर्वी संघटित धंदा होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असं परंपरा सांगते. घाट चढून किती माल आला, त्यावर किती जकात पडली, कोणाला किती दान गेलं, हे सगळं मोजलं जाई. तो माल पाठीवर आणणाऱ्याने किती ऊर्जा घालवली आणि म्हणून त्याने किती खावं, हा प्रश्न मात्र कोणाच्या हिशोबात नव्हता.

गावगाड्यातही तसंच. सुतार, लोहार, चांभार, महार यांचं बलुतं खळ्यावर, सुगीच्या वेळी, वहिवाटीने ठरलेल्या मापाने मिळे. सुताराने वर्षात किती नांगर भरले याचा रोजचा हिशोब त्यात नसे. वाद होत ते हक्काचे आणि मानाचे. जातीच्या उतरंडीवर ज्याची जागा खाली त्याच्या वाट्याला कमी येई. त्या व्यवस्थेला न्यायाची म्हणण्याचं काही कारण नाही. पण तिथला अन्याय माणसाच्या जातीवरून ठरत होता, त्या दिवशी त्याने किती माती उकरली यावरून ठरत नव्हता. मापंही वजनाची नव्हती, आकारमानाची होती: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली. पायलीभर बाजरी आणि पायलीभर नाचणी यांचं वजन एक नसतं, एका गावची पायली शेजारच्या गावाला लागू होईलच असं नसे, आणि माप सपाट भरायचं की शिगोशीग यावर देणाऱ्याची नियत कळे. पुढे कॅलरीच्या अ‍ॅपमध्ये ‘एक वाटी’ अशी नोंद दिसेल तेव्हा ही शीग ध्यानात ठेवायला हवी.

दोन्ही वह्या एकत्र शिवल्या गेल्या १८७६-७८ च्या दुष्काळात. पावसाने सर्वांत जास्त दगा दिला तो पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या इंदापूर, भीमथडी या तालुक्यांना. जुन्नर आणि तेव्हा खेड तालुक्याचा पेटा असलेला आंबेगाव यांच्या पश्चिम अंगाला सह्याद्रीचा पाऊस असतो, त्यामुळे तिथला हाहाकार तेवढा नव्हता. पण दुष्काळी कामांचे नियम साऱ्या इलाख्याला एकच होते आणि ते ठरवण्यात मोठा हात होता सर रिचर्ड टेंपलचा. १८७७ च्या आरंभी केंद्र सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून तो मद्रास आणि मुंबई इलाख्यांत फिरला आणि त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याचा प्रश्न सरळ होता: काम करणारा मजूर जिवंत राहील, पण सरकारच्या तिजोरीला तोशीस कमीत कमी लागेल, असं अन्न किती? उत्तर निघालं, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे रोख पैसे. बाईला आणि मुलाला त्याहून कमी. खरी गरज असलेलाच कामावर यावा म्हणून मजुराला गावापासून दूरच्या कामावर चालत जायला लावायचं, ही अंतराची परीक्षाही त्याच धोरणाचा भाग होती. म्हणजे चालणं, खणणं आणि खाणं हे तिन्ही एकाच कोष्टकात आले.

ते कोष्टक आजच्या आकड्यांत मांडून पाहू. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत ३४८ आणि ज्वारीत ३३४ कॅलरी असतात. म्हणजे टेंपलचा पौंड १,५०० ते १,६०० कॅलरींचा. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला रोज ३,४०० हून जास्त कॅलरी लागतात असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आज धरते. वजन कमी करणाऱ्या अ‍ॅपमध्ये दिवसाला १,५०० कॅलरींचं लक्ष्य दिसणं अगदी नेहमीचं आहे, फक्त ते लक्ष्य खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं असतं, खडी फोडणाऱ्याचं नसतं. तेव्हा कॅलरीची भाषा रूढ नव्हती. वाद व्हायचा तो अन्नातल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या भाषेत. मद्रास इलाख्याचा आरोग्य अधिकारी डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश याने टेंपलला लेखी विरोध केला. दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ, भाजी हवी, असं त्याचं म्हणणं. निव्वळ धान्याच्या वजनावर माणूस तगत नाही, आणि आधीच खंगलेल्या माणसाचा हिशोब धडधाकट माणसासारखा करता येत नाही, हे दोन्ही मुद्दे या वादात पुढे आले. मद्रासला शेवटी शिधा सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ इथवर वाढवावा लागला. टेंपलची चूक निव्वळ कंजूषपणाची होती असं मानलं तर आपण तिचा अर्धाच भाग पाहतो. शरीर हे ठरलेल्या दराने अन्न घेऊन ठरलेल्या दराने काम देतं, आणि तो दर साहेबाच्या टेबलावर बसून काढता येतो, असं त्याने गृहीत धरलं. तो दर थोडा सढळ धरला असता तरी गृहीतक तेच राहिलं असतं.

दख्खनच्या मजुरांनी या हिशोबाला जे उत्तर दिलं ते फार बोलकं आहे. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापली आणि लोकांना दूरच्या कामांवर धाडायचं ठरलं, तेव्हा मुंबई इलाख्याच्या दुष्काळी जिल्ह्यांत मजुरांनी मोठ्या संख्येने कामं सोडून दिली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती जमवली आणि सरकारपुढे मांडली. सभेने मोजमाप नाकारलं नाही. उलट भाव, पाऊस, पीक, माणसं यांचे आकडे तिने सरकारपेक्षा बारकाईने ठेवले. तिचा आक्षेप मजुरीच्या आकड्यावर आणि तो लादण्याच्या पद्धतीवर होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अंतराची परीक्षा मोडीत काढली, पण कामाची परीक्षा ठेवली, आणि त्यातून आलेल्या दुष्काळ संहितांनी खणलेल्या मातीच्या मापाला मजुरी बांधली. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात याचं टोक गाठलं गेलं. टोळीने ठरवून दिलेल्यापेक्षा कमी काम केलं की मजुरी दंडाच्या पातळीवर उतरे. ‘मँचेस्टर गार्डियन’चा वार्ताहर व्हॉन नॅश याने १९०० मध्येच या पद्धतीवर कडाडून टीका केली. ज्याच्या अंगात काम करायचं त्राण नाही त्याला काम कमी झालं म्हणून कमी खायला द्यायचं, मग तो दुसऱ्या दिवशी आणखी कमी काम करणार, हे चक्र समजायला आहारशास्त्र लागत नाही. अ‍ॅपमधली ‘कमी हालचाल, म्हणून कमी वाटा’ ही खिडकी पाहताना या दंडाच्या मजुरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इथे वाचक थांबवेल, आणि त्याने थांबवावंच. भुकेने तडफडणारा मजूर आणि पोट सुटलं म्हणून हौसेने बँड बांधणारा दुकानदार यांना एका ओळीत बसवणं ही दुष्काळात मेलेल्यांची थट्टा नव्हे का? दोघांच्या दुःखाची तुलना करण्याचा प्रश्नच येत नाही. एकाचं पोट रिकामं होतं आणि वही दुसऱ्याच्या हातात होती. दुसऱ्याचं पोट भरलेलं आहे आणि वही त्याने स्वतः उघडली आहे, हवी तेव्हा तो ती मिटू शकतो. हा फरक लहान नाही. नैतिक दृष्टीने तोच सगळा फरक आहे. तुलना आहे ती गणिताच्या रचनेची. वही कोणाच्या हातात आहे यावरून गणित बरोबर किंवा चूक ठरत नाही. चुकीची वजाबाकी दुसऱ्याने आपल्यावर लादली तर ती जुलूम होते आणि आपण स्वतःवर लादली तर शिस्त वाटते, एवढंच.

विसाव्या शतकात मात्र याच गणिताचा रोख उलटा झाला, आणि त्याचं श्रेय बरंचसं पुण्याला जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटरने बंद खोलीत माणसाला ठेवून त्याने दिलेली उष्णता मोजली. पिष्ट आणि प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्धाला ९ हे आज पाकिटामागे छापले जाणारे ठोकताळे त्याच्याच कामातून आले. भारतात कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला तेव्हा दारिद्र्यरेषेचा पाया धरला तो रोज २,२५० कॅलरींचा. टेंपलने आकडा वापरला होता तो याहून जास्त देऊ नका असं सांगायला. दांडेकर-रथांनी तो वापरला याहून कमी मिळणं चालणार नाही असं सांगायला. तोच आकडा आता गरिबाच्या बाजूने साक्ष देत होता. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग सुरू केला. गंमत अशी की त्याच १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र, बाजारात आणलं. जगभरच्या बँडांवर आज दिसणारा दहा हजारांचा आकडा तिथला आहे, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातला नाही.

पागे यांच्या कल्पनेची खरी कसोटी लागली १९७२-७३ च्या दुष्काळात. राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. त्या पिढीला दुष्काळात खायला मिळालेली सुकडी आणि तांबडा मिलो अजून आठवतात. कामाचं मोजमाप तसंच काटेकोर राहिलं: चौकड्या खणायच्या, खोली-लांबी-रुंदी मोजायची, फोडलेली खडी चौकटीत भरून मापायची, मुकादमाने मस्टरवर हजेरी मांडायची, ओव्हरसियरने मोजमाप वहीत आकडे चढवायचे. मोजणारा टेप चौकडीच्या तळाला टेकतो की मातीच्या ढेकळावर, यावरून घरी किती पैसे जाणार ते ठरे, म्हणून टेपाच्या टोकाकडे सगळ्या टोळीची नजर असे. पण १८७७ पासून एक पाऊल पुढे पडलं होतं. कामाच्या मापाला पैसे बांधले गेले. पोटात किती जावं हे ठरवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला नाही. १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने तर काम मागणं हा हक्क केला. कामाचा हिशोब वेगळा आणि अन्नाचा वेगळा, अशी फारकत इथे निदान कायद्याने मान्य झाली. हमीच्या कामांवर मजुरी उशिरा मिळणं, दरपत्रकात खडकाळ जमिनीला न्याय न मिळणं या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या मजुरीच्या तक्रारी आहेत.

दुसरा आणि जास्त खोल धक्का या गणिताला बसला तो शास्त्राकडूनच. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मूळ सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभाग अनेक वर्षं सांभाळला आणि नंतर पुण्यात येऊन काम केलं. त्यांचं म्हणणं असं की वजन आणि काम स्थिर असतानाही एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलतं. शरीर त्या चढउतारांशी काही मर्यादेत आपोआप जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित असं मोजणं चूक आहे. १९८२ मध्ये शेल्डन मार्गन यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी हे सविस्तर मांडलं. पुण्यातच दांडेकरांनी याला विरोध केला, आणि देशभर वाद पेटला. त्या वादातलं एक धोक्याचं वळण विसरून चालणार नाही. शरीर जुळवून घेतं असं म्हणताच, मग गरिबाला कमी दिलं तरी चालेल, असा अर्थ काढणारे निघतात. डेव्हिड सेक्लरने ‘लहान पण निरोगी’ अशी मांडणी केली आणि सी. गोपालन यांनी तिच्यावर सडकून टीका केली, ती याच कारणाने. शरीराचा दर ठरलेला नाही हे मान्य केलं की कंजूष सरकारलाही हत्यार मिळतं. तरीही मला वाटतं, व्यक्तीच्या रोजच्या हिशोबापुरता सुखात्म्यांचा मुद्दा अजून उभा आहे: एका माणसाच्या एका दिवसाची जमाखर्चाची शिल्लक काढून त्यावरून त्याच दिवशी निर्णय घेण्याला आधार नाही. लोकसंख्येसाठी सरासरी कामाची असते. सोमवारच्या रात्रीच्या जेवणासाठी नसते.

जुन्नर-आंबेगावच्या जवळचा पुरावा आणखी थेट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. घरची, शेतातली, पाणी वाहण्याची कामं करणाऱ्या या बाया. त्यांचा आहार बेताचा. बाळाचं जन्मवजन आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसं जुळत नव्हतं. जुळत होतं ते हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याच्याशी. आणि आईच्या कामाचा बोजा जड असेल तर बाळ लहान भरत होतं. शिवाय ती बाळं वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने टिकून होतं. याज्ञिक आणि इंग्लंडमधले जॉन युडकिन यांचं २००४ मधलं ‘लॅन्सेट’मधलं छायाचित्र यासाठीच गाजलं: दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाचा काटा आणि कॅलरीची बेरीज या दोघांनाही जे दिसत नाही ते हेच. मंचरच्या एखाद्या गृहस्थाचं वजन तीन किलोंनी उतरलं म्हणजे त्याची साखर सुधारली असं म्हणता येत नाही, आणि काटा हलला नाही म्हणजे चालणं वाया गेलं असंही नाही.

आता यंत्राकडे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडी त्यांतली बहुतेक बरी मोजतात. पण खर्च झालेली ऊर्जा सांगताना सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. आणि ही चाचणी ट्रेडमिल-सायकलवरची. डोक्यावर हंडा किंवा भारा घेऊन चढणारी बाई एक हात वर धरते, हात झुलत नाही, त्यामुळे हात झुलण्यावरून पावलं ओळखणाऱ्या यंत्राला तिची पावलं कमी दिसण्याची शक्यता जास्त. भाताच्या लावणीत तासन्‌तास कमरेत वाकून मागे मागे सरकणाऱ्या माणसाची मेहनत तर पावलांच्या भाषेत जवळजवळ उतरतच नाही. उलट परातीत भाकरी थापताना मनगट तालात हलतं, आणि यंत्राला ती पावलं वाटू शकतात. जमाबाजूही तितकीच ढिली आहे. अ‍ॅपमध्ये ‘भाकरी, एक नग’ अशी नोंद असते. पण भाकरी केवढी, पिठाचा उंडा केवढा, हे घरागणिक बदलतं. जुन्नर-आंबेगावची मासवडी घ्या. बेसनाची पोळी केवढी जाड, सारणात तीळ, खोबरं, दाणे किती, रश्श्यावरची तर्री किती, हे जिच्या हाताला माहीत तिलाच माहीत. अ‍ॅपला ‘मासवडी’ म्हणून जो आकडा मिळतो तो कुठल्या तरी अनोळखी स्वयंपाकघराचा. शिगोशीग मापाचा जुना वाद इथे परत येतो. एका बाजूला २७ टक्क्यांची चूक आणि दुसऱ्या बाजूला भाकरीच्या आकाराची. दोन्हींची वजाबाकी केली की उरणारी शिल्लक दोन-तीनशे कॅलरींची असते, आणि चूक तिच्याहून मोठी असू शकते. एवढ्या कच्च्या शिल्लकेवर ‘आणखी एक लाडू चालेल’ असं अ‍ॅप सांगतं, आणि माणूस ते खातो, कारण आकडा सुटा सुटा छापलेला असतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: मोजमाप कच्चं असेल, पण त्याने वजन कमी होतं, मग बिघडलं कुठे? याला अर्धा होकार द्यावा लागतो. अमेरिकेतल्या कैसर पर्मनंटे या संस्थेच्या २००८ च्या सुमारे १,७०० माणसांच्या अभ्यासात, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं. नोंद ठेवण्याने फायदा होतो, यात शंका नाही. ती कागदाच्या वहीत ठेवली तरी होतो. पण मनगटावरचं यंत्र जोडल्याने तो वाढतो का? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन जॅकिसिक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४७१ जणांच्या दोन वर्षांच्या चाचणीत सगळ्यांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन होतं. निम्म्यांना पुढे यंत्र दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोंनी उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलोंनी. एका चाचणीवरून यंत्र घातक ठरत नाही; तरुण माणसं, त्या काळचं यंत्र, अशी कारणं पुढे करता येतात आणि ती अगदीच पोकळ नाहीत. पण जोडणीमुळे फायदा होतो असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा आहे, आणि तो या चाचणीने दिला नाही. चालण्याची वही उपयोगी, खाण्याची वही उपयोगी. दोन्ही शिवून काढलेली शिल्लक मात्र भरवशाची नाही. ज्याला वजन उतरवायचं आहे त्याने बँड बांधावा, जेवण लिहावं, आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या वाट्यात मिळवायची किंवा कापायची सोय बंद करून टाकावी. इतिहास वाचून हाती आलेला हा सल्ला फार क्षुल्लक वाटेल. पण टेंपलच्या कोष्टकात नेमकी हीच खिडकी उघडी होती.

आणि ती खिडकी फक्त फोनमधल्या अ‍ॅपपुरती राहिलेली नाही, म्हणून हा विषय शहरी चोचल्यांत टाकून देता येत नाही. डिंभे धरणाच्या वर, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी गावं आहेत; घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथल्या अंगणवाडी सेविकेच्या फोनमध्ये २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. मुलाचं वजन-उंची भरली की ते सॅममध्ये की मॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित की मध्यम, ते पडद्यावर येतं. नारायणगावात काटा उतरला की आनंद, इथे चढला की आनंद. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मजुरांची हजेरी फोनमधल्या अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावावी लागते. रेंज नसलेल्या डोंगरात याचा काय ताप होतो ते रोजगार सेवकाला विचारावं. काम मोजणारं अ‍ॅप आणि पोषण मोजणारं अ‍ॅप अशी दोन सरकारी यंत्रं आज एकाच वाडीत, कधी एकाच घरातल्या बाईसाठी चालू आहेत, आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत. राज्याच्या अनुसूचित क्षेत्रांत २०१५ पासून चालू असलेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्या जेवणाच्या बदल्यात तिने त्या दिवशी किती हंडे वाहिले, किती चौकड्या खणल्या, हे विचारायची तरतूद योजनेत नाही. दोन यंत्रणा जोडून ‘सुसूत्रता’ आणण्याची टूम कधी निघालीच, तर पहिला विरोध या वाड्यांतून व्हायला हवा.